टेकडीवर चढलेली गंगा

वैशाख लागला की आमच्या इमारतीतले नळ बोलायला लागतात. तोटी फिरवली की आधी फुस्स, मग खर्र, मग आत कुणी म्हातारा खाकरल्यासारखा आवाज, आणि मग कुठे करंगळीएवढी धार. सुनेचं डोकं तिथेच फिरतं. "आई, पुन्हा हवाच आली!" म्हणते आणि तोटी अशी आवळते की काही विचारू नका. मी मात्र खुर्ची ओढून नळाजवळ बसते. तिला वाटतं, सासूला ऐकू कमी येतं म्हणून कान लावून बसते. अगं बाई, ऐकू मला उत्तम येतं. ऐकायचंच असतं मला ते.

"हवा आली म्हणजे पाणी वाटेत आहे," मी तिला सांगते.

"वाटेत म्हणजे कुठे? धरणात?" ती म्हणते आणि बादली आपटून निघून जाते. तिचंही चुकत नाही. दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईला नळाचं संगीत कोण ऐकवणार! पण त्या फुस्स आवाजाने माझ्या अंगावर आजही काटा येतो. तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा विशीतली होते, पोटुशी होते आणि मनातून पार घाबरलेली होते.

माझं माहेर येवल्याचं. शेजारीपाजारी सगळे विणकर, त्यामुळे मागाच्या खटखटीत वाढले. लग्न होऊन नाशकात आले ती हातोड्यांच्या ठणठणाटात. सासर तांबटांचं. जुन्या गावातल्या एका टेकडीवर आमची आळी होती. सकाळी उजाडलं की घराघरांतून तांब्यावर ठोके सुरू व्हायचे ते दिवेलागणीपर्यंत. पहिले काही दिवस माझं डोकं फुटायची वेळ आली होती. मग इतकी सवय झाली की माहेरी गेले की शांततेने झोप लागेना. आमच्या आळीचे ठोके खाली नदीच्या घाटापर्यंत ऐकू जायचे. घाटावरचे भटजी म्हणे त्यावर संध्येची वेळ ओळखायचे.

सटाण्यापासून येवल्यापर्यंत कुठेही लग्न निघालं की रुखवतातली घागर आमच्या आळीची. हंडे, कळश्या, बंब, घंगाळी, अख्ख्या जिल्ह्याचं पाणी आमच्या तांब्यात. आणि आमच्या घरात? ठणठणाट! तांब्याचा नाही, रिकाम्या घागरींचा. टेकडीवर विहीर लागत नव्हती. खडक फोडून फोडून तीन पिढ्या दमल्या होत्या. पाणी म्हणजे खाली नदीवर जायचं आणि पायऱ्यांची ती उभी चढण चढून यायचं, डोक्यावर दोन घागरी आणि कमरेवर कळशी घेऊन. सासूबाई म्हणायच्या, "तांबटाच्या घरी मुलगी देणाऱ्याने आधी तिची मान बघावी."

नाशिकची माणसं गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात. "गंगेवर जाऊन येते," एवढंच. चैत्रापासून ही गंगा अंग चोरायला लागायची. आधी काठावरचे दगड उघडे पडायचे, मग मधले. वैशाखात पात्रात झिरे उकरायचे आणि वाटी-वाटीने घागर भरायची. एक घागर भरेपर्यंत सूर्य डोक्यावर. परतताना पायऱ्या तव्यासारख्या तापलेल्या. पेठकडच्या डोंगरातून आलेल्या बायका करवंदांच्या पाट्या घेऊन त्याच पायऱ्यांवर सावली शोधत बसायच्या. एकदा त्यांतली एक मला म्हणाली, "आमच्या रानात पान्याला लांब जावा लागतं, पन शहरात बी असंच हाय का गं बाय?" मी हसले. बोलायला दम कुठे होता!

गाव वाढत होतं. आगगाडीने यात्रेकरूंचे लोंढे यायचे, कचेऱ्या वाढल्या, वेशीबाहेर नवी घरं उभी राहिली. माणसं दुप्पट झाली तरी गंगा होती तेवढीच. सांगतेय ते एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराचं, पण आजच्या वर्तमानपत्रात छापलं तरी खपेल.

माझं दुखणं वेगळं होतं. दोनदा दिवस गेले आणि दोन्हीदा चढणीनेच घात केला. पहिल्यांदा तर अर्ध्या चढणीवर मटकन बसले ती उठलेच नाही. घागर गडगडत खालपर्यंत गेली, तिचा आवाज किती वेळ येत राहिला. त्या आवाजाला मी कधीच विसरले नाही, माफही केलं नाही. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली.

आमच्याकडे बाळंतपणाला मोहल्ल्यातली रहिमतबी यायची. हाडकुळी, पानाने तोंड लाल, आणि जीभ तिच्या हातांपेक्षा तिखट. तिने माझं पोट चाचपलं आणि सासूबाईंना बाहेर ओट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "देखो बेटा, अबके घागरला हात लावला ना, तो मेरेकू बुलाओ मत. मी येणारच नाही. दोन बार रोते-रोते घरी गेले मी इथून. तिसरी बार नहीं."

 सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले. घरात दुसरी बाई नाही. पुरुषांनी नदीवरून पाणी आणायचं म्हणजे त्या काळी आळीत तोंड दाखवायला जागा उरायची नाही. तरी आमचे हे पहाटे अंधारात दोन घागरी आणायचे आणि कुणी पाहू नये म्हणून उपरण्याने झाकायचे. झाकायचे कसले, अख्ख्या आळीला ठाऊक होतं. पण दोन घागरींत भट्टी, स्वयंपाक, आंघोळी, गाय, सगळं कसं भागायचं?

आणि त्याच वर्षी नळ आला. आधी नळ्या आल्या, बैलगाड्यांतून. मग रस्ते खोदले गेले. गावाच्या वरच्या अंगाला उंचावर एक टाकी बांधली होती. नदीचं पाणी इंजिनाने तिच्यात चढवायचं आणि तिथून नळ्यांनी गावभर सोडायचं. आमच्या आळीच्या तोंडाशी बिडाचा एक खांब पुरला आणि त्याला पितळी तोटी बसवली. आळीतल्या झाडून सगळ्या कारागिरांनी ती तोटी वाजवून पाहिली आणि "ओतीव आहे, घडीव नाही" असं नाक मुरडून सांगितलं. माझे सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो, ते तर खांबाकडे बघून हसलेच. "पाणी कधी चढण चढतं का? त्याचा धर्मच खाली जायचा."

पहिल्या दिवशी नारळ फुटला, तोटी फिरवली, आणि मनगटाएवढी धार आली! बायका रडल्या हो अक्षरशः. मी त्या धारेखाली हात धरला आणि दुसरा हात पोटावर ठेवला. वाटलं, सुटलो आपण दोघं.

ते सुख आठवडाभर टिकलं. मग खालच्या गल्ल्यांतून, घाटाजवळच्या घरांतून नळ सुरू झाले आणि आमचा खांब मुका झाला. फुस्स करायचा आणि गप्प. नळाची कामं बघणारा एक माणूस आला, त्याने साध्या शब्दांत सांगितलं, "टाकी आणि तुमची टेकडी जवळजवळ एका उंचीला. खालचे नळ बंद असतील तर पाणी तुमच्यापर्यंत चढतं. खालचे चालू असले की सगळं तिकडेच वाहून जातं. त्यांनी जरा बंद ठेवले तर तुम्हाला मिळेल."

मला ते ऐकून हसू यावं की रडू, कळेना. किती अद्भुत गोष्ट होती! पाणी नळीतून खोल खाली उतरतं, गावाच्या पोटातून जातं, आणि जिथून निघालं तेवढ्याच उंचीवर पुन्हा यायला बघतं. कुणी ढकलत नाही, कुणी ओढत नाही. फक्त वाटेत कुणी दार उघडं ठेवायचं नाही. एवढ्याशा गोष्टीवर माझ्या पोटातलं पोर अवलंबून होतं.

आता आमच्या इमारतीत काय आहे, तर प्रत्येकाने नळाला चोरून मोटर लावली आहे. पाणी यायची वेळ झाली की खालच्या मजल्यापासून घूं घूं सुरू होतं. ज्याची मोटर मोठी त्याच्याकडे पाणी. वरच्या मजल्यावर एक नवी लेकुरवाळी पोर राहते, बिचारी बादल्या घेऊन खाली उतरते. मी सोसायटीच्या बैठकीत म्हटलं, अरे, मोटरी बंद करा, सगळ्यांना येईल. सेक्रेटरी म्हणाले, "आजी, तुमचा काळ वेगळा होता." मेला काळ! त्या काळातही माणसं काही आभाळातून पडली नव्हती.

तेव्हा टेकडीखालचे लोक नळ बंद का ठेवत नव्हते? हट्टाने नव्हे हो. भक्तीने! सासूबाई गुडघे धरत धरत टेकडी उतरल्या, मीही रिकाम्या हाताने मागे गेले. घाटाजवळ एका उपाध्यांचं घर होतं. त्यांच्या पत्नीला सगळं गाव सावित्रीकाकू म्हणायचं. नऊवारीचा काष्टा कसलेला, कपाळावर आडवी चिरी, आणि शब्दाला वजन असं की आसपासच्या गल्ल्या त्यांच्याकडे बघून वागायच्या. त्यांच्या अंगणातल्या नळाला झेंडूची माळ घातलेली, तोटीला हळदीकुंकू, खाली रांगोळी, आणि धार वाहतेय. तुळशीत, तुळशीतून अंगणात, अंगणातून गटारात. दिवसभर.

"काकू, वापर झाला की बंद करत जा ना," सासूबाई म्हणाल्या.

काकूंनी कानांवर हात ठेवले. "अहो, काय बोलता! जन्मभर आपण गंगेकडे गेलो, आता ती आपल्या दारी आलीये. आणि मी तिचा गळा दाबू? वाहत्या गंगेला कधी अडवू नये. हे पाप मला नको बाई."

आणि सगळीकडे हेच! ज्या ज्या घरी गेलो तिथे तिथे नळाची पूजा मांडलेली आणि धार मोकळी. कुणी नमस्कार करून पाणी तीर्थासारखं डोळ्यांना लावत होतं. इतकी माया की गटारं तुडुंब वाहत होती आणि टेकडीवर माणसं घशाला कोरड पडून बसली होती. रागवायचं तरी कुणावर? शिवाशिवीपायी गावाच्या पार टोकाला ठेवलेल्या वस्तीला तर नळच दिला नव्हता. गंगा दारी आल्याचा सोहळा करणाऱ्या गावाने त्यांच्या वाटेचं दार आधीच लावून घेतलं होतं. भक्तीचे हिशोब असे तिरपागडे असतात.

परत निघताना सासूबाई काकूंच्या दारापाशी थबकल्या. माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं. मग पुन्हा अंगणात गेल्या.

"काकू, एक विचारू? तुमच्या लेकी दिल्यात ना सासरी?"

"दिल्यात की. दोघी."

"माहेरपणाला येतात तेव्हा त्यांना धरून ठेवता का कायमचं?"

"धरून कशी ठेवणार? ओटी भरायची, पाठवणी करायची."

"मग ही गंगा तुमच्याकडे आली, तुम्ही तिचं कोडकौतुक केलंत. छान केलंत. पण ती पुढे आमच्या घरी यायला निघालीये. टेकडीवर. रोज निघते आणि रोज तुमच्याच अंगणात अडते. गंगेला अडवू नये म्हणता, आणि अडवलंय कुणी? तुम्हीच पदर धरून बसलाय तिचा." सासूबाईंनी हात धरून मला पुढे ओढलं. "माझ्या सुनेची कूस दोनदा रिकामी झालीये त्या चढणीवर. तिसऱ्यांदा मला बघवणार नाही. ओटी भरा आणि पाठवा तिला."

  काकू आत गेल्या, सुपात तांदूळ, खण, नारळ घेऊन आल्या. तोटीला खण गुंडाळला, हळदीकुंकू लावलं, तांदूळ वाहिले, आणि स्वतःच्या लेकीला निरोप द्यावा तशा डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाल्या, "जाऊन ये हो माये." आणि तोटी फिरवली. अंगणात एकदम सामसूम. मी ते पाहिलं तेव्हा हसायला हवं होतं, पण मीही त्या तोटीला हात जोडले.

"पण वेळ कशी कळायची?" काकूंनी व्यवहाराचं विचारलं. "तुमची गरज संपली ते आम्हाला कसं कळणार? सगळ्या गल्ल्यांना कोण सांगत फिरणार?"

"आमचे ठोके ऐकू येतात ना इथवर?" सासूबाई म्हणाल्या. "ते थांबले की पाठवणी करा. सुरू झाले की खुशाल उघडा." बाकीच्या गल्ल्यांना सांगायचं काकूंनी अंगावर घेतलं.

घरी येऊन त्यांनी हे मामंजींना सांगितलं तेव्हा मामंजींचा पारा चढला. तापलेलं तांबं थांबतं का कुणासाठी? कामाच्या ऐन भरात अख्ख्या आळीने हातोडे खाली ठेवायचे? बरीच बडबड केली त्यांनी. मग माझ्यासमोरून जाताना उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले, "उद्यापासून न्याहारीनंतर थांबू. सगळे."

दुसऱ्या दिवशीची ती सकाळ! मामंजींचा हातोडा थांबला, मग शेजारचा, मग पलीकडचा. एकेक करत आळी निवत गेली. अशी शांतता मी सासरी आल्यापासून ऐकली नव्हती. कुठे तरी कावळा ओरडला तोही केवढ्याने वाटला. सगळी आळी खांबाभोवती जमली.  कारागिरांचे हात अजून राखेने काळे, बायकांच्या कडेवर घागरी. आणि आम्ही वाट बघत होतो ती पाण्याची नव्हती, खालच्या माणसांची होती. ऐकलं असेल का त्यांनी? ऐकून केलं असेल का?

नळाने फुस्स केलं.

मग खरखर. मग आत खोलवर काहीतरी हललं, जणू टेकडीच्या पोटात कुणीतरी पायऱ्या चढत होतं. तोटी थरथरली, लालसर चूळ टाकली, आणि आलं! आधी दोरीएवढं, मग बोटाएवढं, मग मनगटाएवढं. मामंजींनी डोक्यावरची टोपी काढली. देवळातसुद्धा ते टोपी काढायचे नाहीत. ओंजळ भरून घेतली, प्यायले नाहीत, नुसते बघत राहिले. म्हणाले, "हे पाणी चढलेलं नाही. कुणीतरी सोडलंय."

मी कशाकशाचं आश्चर्य करू? डोळ्यांना न दिसणाऱ्या माणसांचे हात मला त्या धारेत दिसत होते. कुठली कोण माझी! मोहल्ल्यातल्या, घाटावरच्या, बाजारातल्या बायका, चुलीवर भात टाकून, अर्धे कपडे पिळून, तोटीवर हात ठेवून थांबलेल्या. त्यानंतर रोज हेच व्हायचं आणि रोज मला ते पहिल्यासारखंच वाटायचं. माझ्या डोक्यावर घागर चढली नाही ती नाहीच. पोट वाढत गेलं. ज्येष्ठ आला तरी पावसाचा पत्ता नव्हता.

एके दिवशी सकाळच्या वेळी आमच्या नळाला नुसती लाल चिखलाची गुळणी आली आणि आटली. नदीच तळाला गेली होती. इंजिनाने जे ओढलं ते गाळ. आळीत कुणाकडेच साठा नव्हता. आणि नेमकी त्याच दुपारी, दिवस भरायला अवकाश असताना, माझ्या कळा सुरू झाल्या. रहिमतबी धावत आली, आल्या आल्या ओरडली, "पाणी तापत ठेवा!" बंब होता, आमच्याच हाताने घडवलेला, लखलखीत. आत थेंब नाही. सासूबाई या घरातून त्या घरात, तांब्या तांब्या मागत फिरत होत्या. रहिमतबीचा आवाज पहिल्यांदाच घाबरलेला ऐकला मी. "पोर अडलंय. पाणी लाओ, जल्दी!"

आमचे हे भट्टीकडे धावले. काय बोलले मला ठाऊक नाही. मला एवढंच कळलं, की दुखण्याच्या त्या काळ्याकुट्ट गुंगीत बाहेरचा ठणठणाट एकाएकी तुटला. भर दुपारी. ठरलेली वेळ कधीच टळून गेली होती. खाली कुणाला निरोप नाही, कुणाला काही माहीत नाही. दुपारी टाकीत थोडं पाणी चढलं असेल-नसेल तेही गावानं आपापल्या हंड्यांत भरायला घेतलेलं असणार. कोण कशाला थांबेल? मी दात आवळले आणि त्या शांततेला कान लावून पडले.

फुस्स.

मग खर्र. मग आळीच्या तोंडाशी बायकांचा एकच कल्ला, आणि घागरींवर धार पडल्याचा आवाज. बंब पेटला. रहिमतबी म्हणाली, "अब रो मत, जोर लाव." आणि मग एक अगदी नवा आवाज घरात आला. मुलगी झाली होती. जिवंत, लालबुंद, रागावलेली.

बारशाला सावित्रीकाकू आल्या. टेकडी चढून आल्या, जन्मात पहिल्यांदा. दारात टेकल्या, घामाघूम, बोलताही येईना. "रोज... रोज चढत होतीस तू हे?" एवढंच म्हणाल्या. मग पोरीला मांडीवर घेतलं आणि तिला दम भरायला लागल्या, "काय गं सटवे, तुझ्यापायी माझी शिकेकाई केसांत वाळली! न्हायला बसले होते, डोळे मिटलेले, आणि तुमचे ठोके थांबले. चाचपडत जाऊन नळ बंद केला. बसले तशीच. डोळे चुरचुरतायत, केस ताठ झालेत, दिवे लागले तरी ठोके सुरू होण्याचं नाव नाही!"

सासूबाईंनी जीभ चावली. मुलगी झाल्याच्या आनंदात अख्खी आळी साखर वाटत सुटली होती. हातोडे परत उचलायचे, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. बारीक का होईना, धार आमच्या दाराशी संध्याकाळपर्यंत पडत होती आणि खाली सगळं गाव नळ बंद करून बसलं होतं.

"अहो काकू, इतका वेळ!" मी ओशाळून म्हटलं. "मग उघडायचा होता ना नळ."

काकूंनी पोरीवरून नजर उचलली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच विचारलं होतं.

"उघडणार कसा? ठोके कुठे सुरू झाले होते?"